शिकवणी

आधी गेलं ते मराठी.
चाव्या, चष्मा, गॅसचं बटण हे सगळं नंतर.
एका सकाळी मी म्हटलं, "शालिनी, चहा निवतोय,"
तर ती खिडकीकडंच बघत राहिली,
शेजारच्या घरातल्या कुणाला तरी मी हाक मारतोय जशी.

शालिनी हे नाव तरी माझंच,
ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं.
त्याआधी सुरेबानला ती बनव्वा होती,
बनशंकरीच्या नावाची, विणकराची पोर.
वडगावात आली आणि सहा महिन्यांत
सासूशी भांडण्याइतकं मराठी शिकली.
मी कन्नड शिकलो नाही.
शिकायचं नाही असं ठरलेलं होतं तेव्हा.
मध्यरात्री शिडी, डबा, ब्रश घेऊन
पाट्यांना डांबर फासत फिरणारी पोरं आम्ही.
सकाळी हीच रॉकेलात चिंधी बुडवून
माझी बोटं पुसून द्यायची.
डांबराखाली काय लिहिलं होतं,
ते तिला एकदाही विचारलं नाही.

आता शेजारच्या इरण्णाची नात, सहावीतली सहना,
संध्याकाळी माझी शिकवणी घेते.
"अज्जा, पुस्तकातलं नीरु नको. नीर म्हणा. आज्जीला तेच कळतंय."
जुन्या हिशोबाच्या वहीत मी लिहून घेतो:
नीर. ऊटा. साक.
साक म्हणजे पुरे.
फार कामाला येतो हा शब्द.
तिसरा घास थुंकून ती म्हणते, साक.
रात्री तीनला ती कडी खडखडवते, मी म्हणतो, साक.

एकदा हात उगारला मी.
उगारलाच फक्त.
मग न्हाणीत जाऊन नळ सोडून बसलो.
डॉक्टरांना सांगितलं नाही, सहनाच्या आईला सांगितलं.
ती काही बोलली नाही.
पण तेव्हापासून दर गुरुवारी तीन वाजता
तांदळाचं सूप घेऊन आमच्या सोप्यात येऊन बसते
आणि मला बाहेर हाकलते.
पहिल्या गुरुवारी कुठं गेलो नाही,
समोरच्या कट्ट्यावरून स्वतःच्याच दाराकडं बघत बसलो.
दुसऱ्या गुरुवारी दाढी केली.
आता खडेबाजारापर्यंत जातो, भजी खातो,
येताना पाट्या वाचत येतो,
जोडाक्षरं आली की थांबून.

मुलगा पुण्याहून फोन करतो, "इकडं चांगली सोय आहे, बाबा."
मी विचारतो, कन्नड बोलणारी बाई असेल काय तिथं?
"बघतो," म्हणतो.

माग विकून नऊ वर्षं झाली, तिच्या हातांना ते माहीत नाही.
चादरीचे दोरे उसवत बसायची.
म्हणून रात्री ती झोपली की
सुताची एक लडी घेऊन मी मुद्दाम गुंता करतो,
दिवसभर ती सोडवते.
टोक सापडलं की हसते.
माझ्याकडं बघून नाही, टोकाकडं बघून.

दिवेलागणीला म्हणते, "मनीग होगोनु." घरी जाऊ.
आधी मी सांगायचो, हेच की गं घर.
त्यावर ती रडायची.
आता सहनानं शिकवलंय तसं म्हणतो, "नडी."
तिच्या पायात चप्पल घालतो,
गल्लीला एक वळसा मारतो,
पिठाची गिरणी, मारुती, पाण्याची टाकी,
आणि त्याच दाराशी येतो.
कधी कधी तिला ते सुरेबानचं वाटतं.
कधी कधी दुसरा वळसा.

परवा मी भाकरी कुस्करून देताना बोललो,
"हेदरब्याड, ना अदीनि."
भिऊ नको, मी आहे.
रात्रभर घोकलेलं.
तिनं पदर सारखा केला, मान तिरकी करून मला न्याहाळलं.
"निमगा कन्नड छलो बरतैत्रि," म्हणाली,
तुम्हाला चांगलं येतं की कन्नड.
"याव ऊररी?"
गाव कुठलं तुमचं?

सुरेबान, म्हटलं.

तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.
माहेरचा माणूस! बसा म्हणाली, चा कुडीरि,
चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.
होय म्हटलं,
आत गेलो, आधण ठेवलं,
आलं ठेचलं,
दोन कप घेऊन बाहेर आलो
आणि पाहुण्यासारखा
खुर्चीच्या कडेवर बसलो.