आरएल आहे का?

गुरुवारी साडेदहाला मी खोली उघडते.
कामठी, छावणीच्या भिंतीला टेकलेली एक खोली,
टेबल, तीन खुर्च्या, आणि एक कूलर
ज्याची खस मागच्या मार्चपासून बदलायची आहे.
पाटीवर लिहिलंय : आर्थिक व गृह सल्ला, मोफत.
त्या शेवटल्या शब्दानं अर्धे जण दारातूनच परततात.
फुकटात कोण खरं बोलतं?

लान्स नायक हेमराज टेंभरे आत येतो, उभाच राहतो.
बस म्हटल्यावर बसतो कडेवर,
जशी काही खुर्ची त्याच्या नावावर चढली आहे
आणि उद्या मोजून परत द्यायची आहे.
पंचवीस दिवसांची सुट्टी. अकरा संपले.
मागून बायको, दुलेश्वरी, कडेवर पोरगी.
पिशवीतून निघतो चकचकीत कागद :
झाडं, कारंजं, गेटावर दोन पांढरे हत्ती,
‘मिहानपासून फक्त दहा मिनिटं.’
कोणत्या वाहनानं, ते मी विचारत नाही.
विचारते, आरएल आहे का?

‘येऊन जाईल म्हणाले, मॅडम.’

येऊन जाईल.
तीस वर्षं मी पगार-कचेरीत होते.
थकबाकी, भत्ता, बदलीचं भाडं,
सगळं येऊन जाणारच होतं.

वर, बर्फात, एकाच दगडावर सिग्नल येतो.
त्या दगडावर उभं राहून त्यानं एजंटाला हो म्हटलं.
एक्कावन्न हजार टोकन. पावती साध्या कागदावर,
सही अशी, की कोंबडी चालून गेली असावी.
बाकीचं कर्ज काढू, तो म्हणतो,
हप्ता पगारातून जाईल, कळणारही नाही.
मी वहीवर आडवी रेघ मारते.
येरखेड्याच्या दोन खोल्यांचं भाडं, किराणा, आईची शुगर,
लंगरमधल्या मित्राकडून घेतलेले वीस.
रेघेखाली जे उरतं ते त्याला वाचून दाखवत नाही,
वही त्याच्याकडे वळवते.

तेव्हा दुलेश्वरी बोलते, भिंतीकडे पाहून :
‘मले हत्ती नोको जी. मले नळ पायजे.
घरमालक साताले मोटर बंद करते.’

मी हसत नाही.
हुडकेश्वरच्या पुढे आमचाही एक प्लॉट होता.
ह्यांनी पोत्यानं चुना आणला,
जमिनीवर हॉल आखला, मग स्वयंपाकघर,
कोपऱ्यात तुळशीसाठी एक गोल.
हिवाळाभर दर रविवारी आम्ही तिथं जायचो,
रेघेत ठेवलेल्या फटीतून, दारातूनच आत,
आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून
हॉलमधल्या ह्यांना विचारायची, चहा टाकू?
आता तिथून मोठ्या तारा जातात.
नकाशात त्या आधीपासून होत्या.
नकाशा कुणी मागितलाच नव्हता.

हे मी हेमराजला सांगत नाही.
सांगते : उद्या सदरला जा, नासुप्रच्या कचेरीत.
खसरा नंबर दे, आरक्षण विचार,
लंच दोनला संपतो म्हणतील, तू अडीचला जा.
तो सगळं तळहातावर लिहितो, मोठ्या अक्षरांत,
पोस्टावर संदेश लिहावा तसं.

‘मॅडम, टोकन परत मिळेल?’
अर्धं, तू ओरडलास तर.
ही ओरडली तर बहुतेक सगळं.
दुलेश्वरी पदर खोचते. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे पाहते.

पोरगी टेबलाखाली बसून हत्तींना
निळ्या पेननं मिश्या काढते आहे.
कागद इथंच ठेवून जा, मी म्हणते. तो ठेवत नाही.
घडी घालून खिशात टाकतो, वरच्या, बटणाच्या.

रजिस्टरात लिहिते : नाव, हुद्दा, विषय.
निकालाचा रकाना मोकळा.
बाहेर बाकावर एक सुभेदार बसलेत,
निवृत्तीला सात महिने,
मांडीवर प्लास्टिकची फाइल, आणि फाइलच्या पारदर्शक खिशातून
डोकावणारे तेच दोन हत्ती.
या साहेब, मी म्हणते. बसा.