काट्याकडे पाठ

सकाळी सहाला सिस्टर शायनी मला वजनकाट्यावर उभी करते,
काट्याकडे पाठ करून.
आकडा तिला दिसतो. मला भिंतीवरचं कॅलेंडर,
गेल्या वर्षीचा जुलै, कुठल्याशा पतपेढीच्या सौजन्याने.
तिच्या ओठांवरून आकडा वाचायला शिकले होते मी,
तेव्हापासून ती मास्क लावून येते.

मग उपमा. अर्धा तास.
घड्याळ समोर, नामीबाय शेजारी.
तिचं काम एवढंच: मी खाईपर्यंत बसायचं
आणि नंतर तासभर
मला बाथरूममध्ये एकटीला जाऊ द्यायचं नाही.
याचा पगार किती, मी विचारलं.
तिने बशीच्या कडेला सारलेल्या काजूकडे बोट केलं.
"तो पन खा गो बाय."

रव्याचे कण मोजता येत नाहीत,
म्हणून मी वाटाणे मोजते.
आज नऊ. काल सात होते.
डोक्यात एक मुनीम बसलाय,
त्याला जेवणाची सुट्टी नाही.

डॉक्टर याला आजार म्हणतात,
मी इतकी वर्षं शिस्त म्हणत आले.
आणि मामी, साखरपुड्यात, सगळ्यांसमोर:
"कसली बारीक झालीस गं! आम्हालाही सांग की."
परवा त्याच मामी सीताफळं घेऊन आल्या,
खुर्चीत बसून रडल्या,
पिशवी विसरून गेल्या.

खिडकीतून पामबीच रस्ता, पलीकडे खारफुटी, मग खाडी.
नामीबाय तिकडे बघत नाही. ती फरशीकडे बघते.
"हितंच. या वारडाचे खाली
आमची खार व्हती. तांबरा भात.
सिडकोनं नेली तवा मी तुझे यवरी.
पंधरा दिस घास उतरं नाय."
"मग?"
"मंगा काय? भूक लागली."

मला तिचा हेवा वाटला.
शेत गेलं, आणि भूक मात्र
संध्याकाळी खेळून घरी आल्यासारखी परत आली.
माझी कुठे राहते, मला पत्ता माहीत नाही.

दोन मिनिटं. चमच्यात शेवटचा वाटाणा, थंड.
मुनीम म्हणतो, नको.
नामीबाय काहीच म्हणत नाही,
रात्रपाळीही तिचीच होती,
ती मोठ्ठी जांभई देते,
पान खाल्लेली जीभ, पडलेली दाढ, सगळं दिसतं.

ती मला लागते.
माझं तोंड उघडतं, न विचारता,
आणि मी चमचा आत घालते.