तिसरी पायरी

कंधारच्या कोर्टाची तिसरी पायरी.
खिळ्यानं ओढलेल्या रेघा, कुणाच्या कोण जाणे.
मुंजाजीचे तीन खडे वाघ,
खाजामियाँचे पंधरा चिंचोके बकऱ्या.

दोन हात बांधापायी एकोणीस वर्षं
तारखेला येतात, एकाच जीपनं,
तोंडं दोन दिशांना.
इथं मात्र
"हात लावलास, आता चालच."
"बरं बाबा."
ना वकील, ना मोजणी.
रेघ सरकली, असं कुणीच म्हणत नाही.

आज वाघ कोंडले. तिन्ही.
मुंजाजी पायरीवर थाप मारून हसला,
"दाव्यानं बांधलास की रं!"

आतून पुकारा. पुढची तारीख, वीस जून.

खाजामियाँ चिंचोके मोजून खिशात टाकतो.
एक कमी भरतो.
मुंजाजी वाकून
शोधायला लागतो.