पहिल्या सोमवारचे पेले

चार आठवडे सँडलच्या पट्ट्या पायांवर उमटल्यात,
एक रेघ गोरी, एक तांबडी,
आणि त्यावर मी पुन्हा लोखंडी टोकाचे बूट चढवते.
बूट ओळख देत नाहीत.
जुलैभर कपाटात तोंड फिरवून बसले होते.

स्मोलांदच्या या गावात
ऑगस्टचा पहिला सोमवार कुणालाच नको असतो.
सहाला पाच कमी. रस्त्याकडेच्या गुलाबी तुऱ्यांना
पांढरा कापूस फुटायला लागलाय,
माझ्या नखांत अजून ब्लूबेरीची शाई.
जिवावर आलंय, तरी पाय निघाले;
त्यांना मी विचारलंच नाही.

फाटकाशी स्तूरे. नाक सोललेलं.
"कशी गेली सुट्टी?"
"गेली."
होडीला अर्धा रंग झाला म्हणतो.
दरवर्षी अर्धाच होतो.

येमाने मात्र आतच होता.
अस्माराहून आलेला, सहा वर्षं जुना नवखा.
त्याचं तळ्याकाठी घर नाही, होडी नाही,
म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी प्रेमानं,
भट्टी त्याच्या गळ्यात घातली.
काचेची भट्टी विझवून चालत नाही,
आतलं मडकं तडकतं.
ती मंद ठेवायची, अंगात कसर असल्यासारखी,
रात्री दोनदा उठून काटा बघायचा.
आणि ओगराळ्यांसारखे ते लाकडी साचे
पाण्यात बुडलेले हवेत, वाळले की चिरतात.
बादल्यांचं पाणी त्यानं रोज बदललं.
रोज बदल असं कुणी सांगितलं नव्हतं.

नळी उचलते. वजन ठाऊक आहे, तरी जास्त वाटतं.
भट्टीच्या तोंडातून मधाएवढा दाट गोळा
टोकावर गुंडाळून घेते, फिरवते, फिरवते.
सत्तावीस वर्षांत हात बसलाय म्हणतात;
बसलेला हात चार आठवड्यांत उठून
कुठे फिरायला गेला कोण जाणे.
फुंकर घालते,
आणि काच एकाच बाजूला पोट काढते
सुट्टीवरून आलेल्या बाईसारखी.

हसतात सगळे. मीही.
पहिल्या दिवसाचं काही दुकानात जात नाही इथे.
जाड बुडाचे, तिरक्या ओठांचे,
मान टाकलेले पेले
भंगाराच्या पेटीत खळ्ळकन पडत राहतात,
उद्या पुन्हा वितळायला.

जेवायच्या खोलीत मी येमानेला विचारलं,
"आणि तुझी सुट्टी?"
पावाला लोणी लावता लावता तो थांबला.
"नऊशे अंश," म्हणाला.
मग जरा वेळानं, "एका रात्री नऊशे चाळीस. घाबरलो."
मग आणखी वेळानं, सुरीकडे बघत,
"बहिणीचा फोन आला होता. मुलगा झाला तिला.
मी बोलत बसलो, इकडे काटा चढला."

कुणाच्या तोंडून शब्द निघेना.
खिडकीवर एक माशी आपटत होती.
स्तूरेनं स्वतःचा थर्मास त्याच्याकडे सरकवला,
ज्याला त्याची बायकोही हात लावत नाही.

साडेतीनला मी आणखी एक पेला फुंकला,
इवलासा, मुठीत मावेल असा.
तोही तिरकाच झाला. दूध ओतलं तर लवंडेल.
तरी पेटीत टाकला नाही,
निवायच्या भट्टीत मागच्या कोपऱ्यात ढकलला.
एकदम गार वाऱ्यावर आणली तर काच
रात्री आपणहून फुटते, कुणी न शिवता;
तिला हळूहळू यावं लागतं खाली.

उद्या सकाळी तो येमानेला देईन.
इथून अस्मारापर्यंत टपालानं अखंड जाईल का,
मला माहीत नाही.
जाईल न जाईल.

आज रात्रीची पाळी मी मागून घेतली.
तो सायकलवरून घरी गेलाय,
झोपला असेल, कपड्यांसकट.
मी बादल्यांचं पाणी बदलते,
बाही वर सारून हात कोपरापर्यंत बुडवते,
पाणी कोमट आहे.
काटा: अकराशे वीस.