तिखलं

याकूब होडेकर एकतीस वर्षं
जहाजावर भंडारी.
कॅप्टन ग्रीक तर जेवण ग्रीक,
फिलिपिनो पोरांना तिन्ही त्रिकाळ भात.
स्वतःच्या पेटीत एक बरणी,
तळाशी तिरफळं, वासापुरती.

आता मिरकरवाड्यात घरीच.
सकाळी जेटीवर बांगड्याचे कल्ले उघडून बघतो,
लिलावात उगाच एक आकडा बोलतो
आणि शेवटी वाट्यावरचेच पाच घेऊन येतो.

मिरची, हळद, आमसुलं चार.
तिखल्याला नारळ नाही.
तिरफळं वाटायची नाहीत, बी काढून
नुसती ठेचायची, हे हातांना आठवतं.
किती, ते नाही.

हलिमा असती तर विचारलं असतं.
ती तरी कुठे मोजायची म्हणा,
मूठ उघडायची टोपावर,
आणि हा तेव्हा सुएझमध्ये.

पाच टाकतो. झाकण.
झाकण काढून आणखी दोन.
मग बरणीच उपडी करतो.

शेजारची सुलभा भाकऱ्या घेऊन येते,
बोट बुडवून चाटते,
ओठ बधिर होईतो गप्प बसते.
"चाचा, जास्त झाली."

"हां," तो म्हणतो, "तीही जास्तच टाकायची,"
आणि दुसरी भाकरी मोडतो.