बैठक

एकवीस वर्षं मी नावं पुकारली
उदगीरच्या कोर्टाच्या दारात, पितळी बिल्ला लावून.
प्रत्येक नाव तीन वेळा.
आवाज पार मोंढ्यापर्यंत जातो, म्हणायचे लोक.
आज तुमचं नाव ओठांवर आलं
आणि एकदाही बाहेर पडेना.

हालकुडे साहेब,
देगलूरहून बदलीवर आलात तेव्हा
एक ट्रंक, एक सायकल
आणि डावा कान बहिरा.
हे फक्त मला ठाऊक होतं:
जो वकील जास्त ओरडायचा
त्याला तुम्ही डावीकडे उभं करायला सांगायचात.

पहिल्याच दिवशी म्हणालात,
"चाँदपाशा, साक्षीदाराला आधी पाणी, मग शपथ.
कोरड्या घशातून खरं निघत नाही.
खोटंसुद्धा धड निघत नाही."
तेव्हापासून तांब्या माझ्याकडे.
किती हात थरथरले त्या पेल्यापाशी.
खून केलेले, न केलेले,
कानडीत रडणारी म्हातारी,
तेलुगूत शिव्या हासडणारा गवंडी,
उर्दूतला जुना दस्त छातीशी धरून आलेला कुणाचा तरी जावई.
तुम्ही सगळ्यांचं सारख्याच सावकाशीनं लिहून घ्यायचात,
मध्येच टाक थांबवून विचारायचात,
"हे तू पाहिलंस, की तुला सांगितलं?"

देवमाणूस वगैरे नव्हतात.
एक टाचणी हरवली तर दिवसभर मला टेबलाखाली रांगायला लावलंत.
चहाचे पैसे मोजून द्यायचात, चिल्लर,
आणि चार आणे उरले तर मागून घ्यायचात.

पेन्शनीत निघालात, पण गावाला परतला नाहीत.
रोज साडेपाचला मोंढ्यात,
शिवलिंगप्पाच्या आडतीपुढच्या बाकावर.
विहिरीची पाळी, सामायिक भिंत,
नांदायला न जाणारी सून, न नेणारा नवरा,
मठ आणि दर्गा यांच्या मधली दीड हात जागा.
निकाल कुणाच्याच बाजूनं पुरता लागायचा नाही.
दोघंही थोडे थोडे नाराज होऊन उठायचे
आणि तुम्ही म्हणायचात, "आता बसलं माप."

एक निकाल मात्र तुमच्याच खिशात राहिला.
नागोराव सूर्यतळ्याचा बांध.
"नकाशा मी उलटा धरला होता, चाँदपाशा,"
पंधरा वर्षांनी म्हणालात, बाकावर तिसरं कुणी नसताना.
वर अपिलात जायला त्याच्याकडे पैसे नव्हते.
मग दर साली पोळा झाला की दुसऱ्या दिवशी
तुम्ही सायकल काढून तोंडारला जायचात,
त्याच्या ओट्यावर अर्धा तास बसायचात.
तो दार उघडायचा नाही.
एका साली मीही होतो सोबत.
आतून भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला,
थापणं थांबलं, तेव्हा आपण उठलो.

आम्ही माणसाला निजवतो, तोंड किब्ल्याकडे करून.
तुमच्यात बसवतात, हे मी ऐकून होतो.
पाहिलं आज.
कपाळावर विभूती, मांडीवर बेलाची पानं,
पाठ ताठ, मान किंचित उजवीकडे,
कुणाचं तरी ऐकून घेत असल्यासारखी.
जंगम मंत्र म्हणत होते
आणि माझे पाय आपोआप मागे सरत गेले,
जिथं दार असायला हवं होतं तिथपर्यंत.
साहेब बसलेले असताना मी कधी आत उभा राहिलो नाही.

नागोराव आला होता.
चिंचेखाली, चपला हातात घेऊन.
लोक एकेक मूठ माती टाकत पुढं सरकत होते.
त्यानं टाकली की नाही
ते मी पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

कोर्ट उठलं, असं पुकारायचं काम माझंच होतं.
तेवढं राहून गेलं.

येताना मोंढ्यावरून आलो.
बाकावर दोन भाऊ येऊन बसलेले, लोहाऱ्याचे,
वाटणीचे कागद पिशवीत.
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
थोरला ओरडत होता.
मी त्याला सरकवून डावीकडे बसवलं,
मधली जागा मोकळी ठेवली,
आणि आडतीतल्या माठातून
दोघांना पाणी आणून दिलं.