हूक

बीडच्या बायपासला, टायरवाल्याच्या मागं
सात पिकअप उभ्या. सगळ्यांना परवाच रंग मारलेला.
मुंजाजी दलाल म्हणतो, हिनं नुसती शाळेची पोरं नेली,
एका हातची गाडी, काचसुद्धा मूळची.

खाजामिस्त्री आधी पंजा ठेवतो इंजनावर.
थंड आहे.
म्हणजे आपण यायच्या आधी
कुणी गुपचूप फिरवून आणलेली नाही.
मग चावी. पहिला धूर काळा, जाऊ द्या,
निळा असता तर चहा पिऊन परतलो असतो.

मी मागं जातो.
माझा मिक्सर बाराशे किलोचा, दोन चाकांचा.
स्लॅबच्या दिवशी पहाटे चारला निघतो
आणि त्याला ब्रेक नाही.

वाकून हुकात बोट घालतो.
रंग इथंही आहे, पण रंगाखाली खळगा लागतो:
ओढताना झिजते ती बाजू,
आणि उतारावर मागचं ओझं अंगावर येतं
तेव्हा झिजते ती, जरा जास्तच.

"शाळेची पोरं?"
मुंजाजी तंबाखू मळत राहतो.
खाजामिस्त्री माझ्याकडं बघतो, मी त्याच्याकडं.

डोळे न मिटताच मी मांजरसुंब्याचा घाट उतरतो,
दुसऱ्या गेरात,
मागून मिक्सरचा तो ओळखीचा धक्का,
आणि ही गाडी पाय रोवून, धुसफुसत.

"बरं," मी म्हणतो, "पोरांचीच गाडी समजू.
क्लचचे बारा हजार तेवढे कमी कर."